दुधाला सायटेशन नसतं

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत माणसाची पत तीन आकड्यांवर ठरते : फ्लॅटचं क्षेत्रफळ, मुलाचं पॅकेज आणि गुडघ्याच्या ऑपरेशनचं बिल. चौथा आकडा माझ्या पुतणीमुळे घरात शिरला. ती अन्नशास्त्रज्ञ, नाचणीवर संशोधन करते. तिला बघायला आलेला मुलगा कुठल्याशा कॉलेजात सहायक प्राध्यापक होता. पोह्यांची बशी हातात येताच त्याने विचारलं, "तुमचा एच-इंडेक्स किती?"

आईने चमकून माझ्याकडे पाहिलं. तिच्या काळी पगार विचारायची रीत होती, आणि तोही मुलीकडच्यांनी.

"सात," पुतणी म्हणाली. "तुमचा?"

"नऊ," म्हणत त्याने पोहे आणखी मागितले.

स्थळ फिसकटलं, ते पत्रिकेवरून. पण एच-इंडेक्स घरातच मुक्कामाला राहिला. होर्हे हिर्श नावाच्या अमेरिकेतल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली हे माप काढलं. पुतणीने ते आईला तिच्याच भाषेत सांगितलं. "आजी, तुझे पदार्थ म्हणजे शोधनिबंध. तुझं नाव घेऊन ते कुणी केले, की झालं सायटेशन. निदान पाच पदार्थ असे निघाले, की प्रत्येकाला निदान पाच जणींनी तुझं नाव घेतलंय, पण सहाच्या बाबतीत तसं जमत नाही. तर तुझा एच-इंडेक्स पाच."

"आणि माझं लिंबाचं लोणचं एकटंच चारशे जणींनी घातलं असेल तर?"

"त्याने आकडा एकनेच वाढणार."

"म्हणजे मोजणाऱ्याच्या घरी लोणचं नाही," आई म्हणाली. मग तिला 'नाव घेऊन' ही अट उमगली आणि ती सरळ बसली. घाटकोपरची मावशी तेच लोणचं गेली कित्येक वर्षं 'आमच्या सासूबाईंचं' म्हणून वाढते. पुतणीने दिलासा दिला, विज्ञानातही मावश्या असतात. स्वतःच स्वतःचं नाव घेतलेलं चालतं का, ही आईची पुढची शंका. चालतं, नामवंतही घेतात. आणि मी तिचं घेतलं, तिने माझं, तर? तेही चालतं, कुणाच्या लक्षात येईपर्यंत. एवढं ऐकल्यावर आईचा विज्ञानाविषयीचा परकेपणा पार गेला. आमचं महिला मंडळ दुसरं काय करतं?

अन्नाशी जवळीक असलेल्या शास्त्रात या मोजणीने मोठ्या गमती केल्या आहेत. ऑलिव्हर लाउरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१मध्ये द्रावणातलं प्रथिन मोजण्याची एक रीत छापली. त्या निबंधाला तीन लाखांहून अधिक सायटेशनं मिळाली. इतकी दुसऱ्या कुठल्याच निबंधाच्या वाट्याला आली नाहीत. खुद्द लाउरींना तो आपला थोर निबंध वाटत नव्हता. पण डाळीतलं असो की मेंदूतलं, प्रथिन मोजायचं म्हटलं की लोक त्यांचं नाव घेत राहिले. एच-इंडेक्सच्या हिशेबात मात्र तीन लाखांचा हा डोंगर म्हणजे एक निबंध. आईच्या लोणच्यासारखाच.

याच्या उलट टोकाला जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. मुंबई विद्यापीठात पहिल्या वर्गात आली, तरी मुलगी म्हणून बंगळूरला सी. व्ही. रामन यांनी भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला. बाई सत्याग्रहाला बसल्या, तेव्हा १९३३मध्ये अटी घालून घेतलं. १९३९मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट, प्रबंध अवघा ४० पानांचा. (आमच्या सोसायटीचा वार्षिक अहवाल याहून जाड असतो, आणि त्यात कसलाच शोध नसतो.) पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी डाळी आणि नीरा यांतलं पोषण तपासलं, नीरेच्या कामाबद्दल राष्ट्रपती पुरस्कार मिळवला. हे सगळं मोजता येईल. पण गोरेगावच्या आरे दूध प्रकल्पाला सल्ला देताना दूध नासू नये म्हणून त्यांनी जी पद्धत बसवून दिली, ती कुठे मांडणार? आरेच्या काचेच्या बाटलीला झाकण होतं, तळटीप नव्हती. शिवाय दूध नासलं की बोंब होते. नासलं नाही म्हणून कुणी कुणाचं नाव घेत नाही. कार्ड घेऊन पहाटे केंद्रावर उभं राहणाऱ्यांना संदर्भसूची कुठून सुचणार!

सोहोनीबाई पुढे 'कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी'त रमल्या, १९८२-८३मध्ये अध्यक्षही झाल्या, आणि संस्थेच्या 'कीमत' मासिकात ग्राहकांसाठी लिहीत राहिल्या. आता 'कीमत'मधल्या लेखाला नियतकालिकाची पत मोजणारा कोणता इम्पॅक्ट फॅक्टर लावायचा? मुलाखतीच्या फॉर्मात त्याला रकानासुद्धा नसतो. ज्याने भेसळ थांबते त्याला शून्य गुण आणि ज्याने बढती मिळते त्याला दहा, ही विभागणी ज्याने केली त्याला मी एकदा आमच्याकडचं दूध पाजीन म्हणतो.

कारण आमच्या घरी दूध तपासूनच घेतलं जायचं. ही घरगुती परीक्षा आईने महिला मंडळातल्या कुणा बाईंकडून उचलली. त्या बाईंनी कुठून उचलली, देव जाणे. दूध उकळून गार करायचं, त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकायचे. निळं झालं, की पीठ आहे. ती तांबडी बाटली खिडकीत, दूधवाल्याला दिसेल अशी असायची. सुरुवातीला तो तिच्याकडे रागाने बघे. पुढे पुढे मात्र नव्या तबेल्याचं दूध घेतलं की आदल्या संध्याकाळीच पावशेर आमच्या ओट्यावर आणून ठेवायचा आणि आईचा कौल मिळाल्यावरच ते बाकीच्या बिऱ्हाडांना घालायचा. पुतणी म्हणते, याला पीअर रिव्ह्यू म्हणतात. फक्त तिच्याकडे त्याला आठ महिने लागतात.