पेढे, खांब आणि तीस नंबरची बस

ऑस्लो, रविवार

ती. आई-बाबांस सा. न.

कुकर लावलाय, तेवढ्यात लिहितेय. पार्सल पोचलं. कुळथाचं पीठ, मेतकूट, आमसुलं सुखरूप. पेढे मात्र गेले. बाहेरच्या दुधाचा पदार्थ नॉर्वेत पार्सलने येऊ देत नाहीत. बरं, गुपचूप खाल्ले असते तर समजू शकले असते. पण नाही, 'नष्ट केले' असं रीतसर छापून कळवलं! आई, प्रसाद होता गं तो. ह्यांनी तो कागदच देवापुढे ठेवलाय. यापुढे तूपही नको, खवाही नको. लाडू तुपाचेच, तेव्हा तेही नको. मग पाठवशील काय, याचा विचार तूच कर.

आज दुकानं बंद, म्हणून तीस नंबरची बस धरून बिगडोयच्या म्युझियममध्ये गेलो. दोघांच्या तिकिटात तिकडे महिन्याची भाजी आली असती. ह्यांनी हिशेब बसमध्येच केला आणि उतरेपर्यंत गप्प बसले. तिथे गोल नावाच्या गावचं लाकडी चर्च आहे, सुमारे 1200 सालचं. काळंकुट्ट, छपरावर माशाच्या खवल्यांसारख्या फळ्या, टोकांना ड्रॅगनची तोंडं. आमचा बंड्या म्हणाला, "हे देऊळच आहे!" गावाला नवं चर्च हवं होतं, हे पाडायला निघाले होते. राजा दुसऱ्या ऑस्करने खर्च केला, म्हणून 1884-85 मध्ये सुटं करून इथे उभं केलं. पुढे गोलवाल्यांनी गावात त्याची नक्कल बांधली! म्हणजे आधी आपलं घालवायचं आणि मग तसंच दुसरं करायचं. दादाला वाचून दाखव.

आणि बाबांना सांग, आधीच्या चर्चचे खांब जमिनीत पुरलेले, ते कुजून गेले. मग दगडावर तुळया टाकून त्यांवर खांब उभे करायला लागले, ते टिकले. आपल्या माजघरातला तळखडा तरी दुसरं काय करतो? तरी देशात अशी जेमतेम 28 चर्च उरलीत. आत भिंतीवर त्या काळी कुणीतरी माणसं, जनावरं कोरून ठेवलीत. लोक कौतुकाने वाकून बघतात. मी माजघरातल्या खांबावर नाव कोरलं तेव्हा बाबांनी पाठीत धपाटा घातला होता.

बेबीताईचं जमलं हे छान झालं, पण मुलगा दापोलीचा की दाभोळचा? एकदा नीट विचारून कळव. नानाकाका आणि पाण्याची लाइन यावर मी काही बोलत नाही. दोन्ही नेहमी तुंबलेलीच. वहिनीच्या भिशीचे पैसे कुणाकडे अडकले ते मला माहीत आहे, फोनवर सांगेन.

लाकूडवाला माजघर बघून गेला, हे मात्र तू शेवटच्या ओळीत लिहिलंस. वाचून दुपारभर काही सुचलं नाही. आतून धुराचा, आमसुलाचा वास येणारं ते लाकूड...

शिट्टी झाली. दादाला म्हणावं, बाकीचं काय ते करा, माझं नाव असलेला तो एक खांब तेवढा ठेवा. पार्सलने मात्र पाठवू नका.

तुझी,
ठमी