डीप कंडिशनिंगचा बिलोली पॅटर्न

मास्क केसांना लावून वीस मिनिटं शांत बसावं, असं त्याच्या डब्यावर लिहिलेलं असतं. लिहिणारा बिलोलीत राहत नसावा. इथं भरदिवसा शांत बसलेली बाई दिसली की पहिल्यांदा विचारतात, ताप आहे का. आणि दुसऱ्यांदा विचारतात, माहेरी काही झालं का. तरीही केस आहेत, ते कोरडे पडतात, शेंड्याला दुभंगतात, आणि यूट्यूबवरच्या ताई आठवड्यातून एकदा डीप कंडिशनिंग कराच म्हणून हात जोडून विनवतात. लातूरनं बारावीसाठी स्वतःचा पॅटर्न काढला, तसा केसांसाठी आपला आपणच काढणं भाग आहे. तालुक्यातल्या शिक्षिका, अंगणवाडी ताई, बचत गटाच्या अध्यक्षा, रोज नांदेडहून अप-डाऊन करणाऱ्या आणि सरकारदरबारी 'काहीच करत नाही' अशी नोंद असलेल्या सर्व भगिनींसाठी हे मार्गदर्शन.

आधी शास्त्र. बाहेर दिसणारा केस मेलेला असतो. वाईट वाटून घेऊ नये, पण ते खरं आहे. मुळाशी महिन्याला एक-सव्वा सेंटिमीटर वाढ होते, तेवढाच काय तो जिवंतपणा. पुढं सगळं केराटिन नावाचं प्रथिन आणि त्याच्यावर एकावर एक चढलेले बारीक खवले. केस कमरेपर्यंत असतील तर शेंड्याचा भाग चार-पाच वर्षांपूर्वी उगवलेला. तेवढ्या काळात त्यानं चार-पाच उन्हाळे, बोअरचं पाणी, मेहंदी, दोन-तीन लग्नांतलं स्ट्रेटनिंग आणि मांजरा नदीची रेती घेऊन धावणाऱ्या हायवा ट्रकांची धूळ सोसलेली असते. खवले उचकटतात आणि केसावर ऋण भार वाढतो. कंडिशनरमधल्या मुख्य द्रव्यावर धन भार असतो, म्हणून ते नेमकं खराब जागी जाऊन चिकटतं आणि खवले तात्पुरते बसवतं. ही डागडुजी झाली. जाहिरातीत याला 'खोलवर पोषण' म्हणतात. मेलेल्याला आपण जेवू घालतो ते फक्त पितृपक्षात.

यातून निघणारी पहिली सूचना अशी, की मास्क लावायचा तो लांबीला आणि शेंड्यांना. टाळूवर थापू नये. टाळू जिवंत आहे आणि स्वतःचं तेल स्वतः तयार करते. दुसरी सूचना, केस धुतल्यावर पाणी नीट पिळून काढा आणि मगच मास्क लावा. निथळत्या केसांवरून तो थेट मोरीत जातो आणि पोषण मोरीला मिळतं. बाकी ब्रँड कोणता, यावर वेळ घालवू नये.

खरा अवघड प्रश्न वाराचा आहे. सोमवारी सवाष्णीनं डोक्यावरून न्हाऊ नये, नवऱ्याला बाधतं. बुधवारी न्हाऊ नये, भावाला बाधतं. गुरुवारी न्हालं तर लक्ष्मी जाते. शनिवारी तेलाला हात लावायचा नाही. एकादशी, चतुर्थी, अमावास्या वेगळ्या. घराघरांत यादी बदलते. सासरची आणि माहेरची दोन्ही पाळणाऱ्या बाईनं कॅलेंडर घेऊन बसावं, महिन्यात बहुधा सहा-सात दिवस सापडतात. त्यातला शुक्रवार शास्त्राला मान्य आहे, पण त्या दिवशी शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'माहिती आजच तातडीने भरावी' असा निरोप येतो. रविवारी सगळं घर न्हातं. तुमचा नंबर लागेपर्यंत टाकीत गाळ उरतो. नवऱ्यानं डोक्यावरून न्हाल्यामुळं बायकोला काही बाधल्याचं मात्र कुठल्याच वारी ऐकिवात नाही. त्याला हा परिच्छेद वाचायची गरज नाही.

वार ठरला की पाणी. तुमचं पाणी जड आहे की हलकं, हे कळायला प्रयोगशाळा नको. ज्या पाण्यात तुरीची डाळ चार शिट्ट्यांनंतरही कडक राहते, त्या पाण्यानं डोकं धुऊ नये. दोन्हीकडं कारण एकच, पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. साबण वापरला तर त्याचा चिकट थर केसांवर बसतो आणि मग मास्क केसाला कमी आणि थराला जास्त लागतो. नळाचं पाणी आलं की एक बादली लपवून ठेवा आणि शेवटचं धुणं तिनं करा. लपवताना जागा नीट निवडा; उघड्यावर ठेवलेल्या बादलीत कुणीतरी मोटारसायकल धुण्याचा कपडा बुडवतंच. नळ आलाच नाही तर शेवटच्या तांब्यात लिंबाचे थोडे थेंब पिळून भागवा, आंबटपणानं खवले थोडे बसतात.

पाण्याबद्दल कुरकुर करण्याआधी एक आठवण ठेवावी. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून 'जलदूत' रेल्वे दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली होती. त्या उन्हाळ्यात लातूरकर बायकांनी डीप कंडिशनिंग कसं केलं, यावर कुणी लेख लिहिला नाही.

आता साहित्य. खोबरेल तेलाला पर्याय शोधण्यात तारुण्य घालवू नका. २००३ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केस धुण्याआधी लावा की नंतर, प्रथिनाची झीज ठळकपणे कमी झाली ती खोबरेलानंच, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकतं. मॅरिको स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात घेऊन निकाल वाचावा. पण तुमच्या आजीचा कुठल्याच कंपनीत शेअर नव्हता आणि तीही हेच सांगत होती. रात्री तेल, सकाळी न्हाणं. यात झोपेचा वेळ वापरला जातो, जो तसाही तुमच्याकडून कुणी मागत नाही. लेकरू आजारी असलं तर मागतात. डिसेंबरात तेल बाटलीत गोठतं, कारण २४ अंशांच्या खाली ते थिजतं. बाटली चुलीजवळ ठेवा, चुलीवर ठेवू नका.

केळ्याचा मास्क करू नका. ही विनंती नाही, इशारा आहे. अर्धापूरची केळी सगळ्या नांदेड जिल्ह्यात गाजतात, स्वस्त मिळतात, आणि व्हिडिओत ती दह्यात कुस्करून केसांवर थापली की बाई हसत हसत फेस धुऊन टाकते. प्रत्यक्षात कुस्करलेलं केळं केसांत वाळतं आणि मग बारीक कण दोन दिवस फणीला येत राहतात. शिवाय घरात आत्याबाई असतात. "पोरं केळाला रडूलालेत आन् तू डोस्क्याला शिकरण लावून बसलीस व्हय?" या प्रश्नाला सौंदर्यशास्त्रात उत्तर नाही. हौस फारच असेल तर केळं मिक्सरमधून काढून फडक्यातून गाळून घ्या. आणि ते फडकं दुधाचं नको.

त्यापेक्षा जवस. आपल्या स्वयंपाकघरात चटणीसाठी ते असतंच, त्यामुळं खरेदीचा संशय येत नाही. दोन चमचे जवस दोन वाट्या पाण्यात उकळा. पाणी अंड्याच्या पांढऱ्याइतकं बुळबुळीत झालं की गरम असतानाच गाळा. गार झाल्यावर गाळू म्हटलं तर फडकं तुंबतं आणि तुम्ही पीळ देत बसता. हा बुळबुळीत रस केसावर पातळ थर धरतो, केस सुटे राहतात, आणि विचारलंच कुणी तर चटणी करतेय म्हणून सांगता येतं. खोटं नाही ते. गाळून उरलेलं जवस भाजून चटणीत ढकलता येतं का, ते मात्र ज्यांच्या ताटात पडणार त्यांना विचारून ठरवा.

सीमेपलीकडच्या, बोधन-निजामाबादकडच्या मावशी आल्या की 'कुंकुडुकाय' घेऊन येतात, म्हणजे आपला रिठा. रिठ्यानं केस लख्ख निघतात, डोळे लाल होतात आणि मावशी खूश होतात. पण रिठा मळ काढतो, तो कंडिशनर नाही. रिठ्यानंतर मास्क लागतोच. मावशींना हे सांगू नका.

किराणा दुकानात लोंबणाऱ्या पुड्यांनाही कमी लेखू नये. शाम्पू पुडीत भरून विकायची कल्पना तमिळनाडूत कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी रुजवली आणि १९८३ मध्ये त्यांच्या मुलानं 'चिक' काढून ती खेड्यापाड्यांत पोचवली. कंडिशनरची पुडी मानेपर्यंतच्या केसांना पुरते. कमरेपर्यंतच्या केसांना दोन लागतात, आणि अर्धी उरलेली पुडी चिमटा लावून ठेवली की दुसऱ्या दिवशी घरातला पुरुष ती दाढीचा साबण समजून वापरतो.

आता मुख्य विषय, वीस मिनिटं. पहिला दिलासा हा, की ती पूर्ण लागतच नाहीत. चिकटण्याचं बहुतेक काम काही मिनिटांत उरकतं. दोन तास ठेवल्यानं केस दसपट मऊ होत नाहीत, पातळ केस उलट लोळागोळा होऊन पडतात. तरीही डब्यावरचा शब्द पाळायचाच असेल तर वेळ घरात शोधू नका, घरात तो नाही. वेळ रांगेत आहे. बँक, गॅस एजन्सी, रेशन दुकान, आधार केंद्र, पीक विम्याचा अर्ज, एसटीची वाट: बिलोलीच्या बाईच्या आयुष्यातली शांत बसायची सगळी मिनिटं तिथं साठलेली आहेत. आणि मराठवाड्यात उन्हामुळं प्रत्येक बाई डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ बांधूनच बाहेर पडते. स्कार्फच्या आत काय चाललंय, हे देव आणि ती बाई जाणे.

तेव्हा कृती अशी. पिळलेल्या केसांना मास्क लावा, अंबाडा घाला, वरून कॅरीबॅग. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, त्यामुळं ती स्कार्फखाली पूर्ण झाकली जाईल अशी काळजी घ्या; पकडलं गेल्यास 'वैयक्तिक वापर' हे कारण चालेल की नाही, याची खात्री देता येत नाही. मग स्कुटी काढा. शहरातल्या पार्लरमध्ये या टप्प्यावर स्टीमर लावतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असताना आपल्याकडं तहसीलसमोरचा रस्ता ते काम फुकट करतो.

रांग मात्र विचारपूर्वक निवडावी. रेशन दुकानात अंगठा लावावा लागतो; मास्कनं गुळगुळीत झालेला अंगठा मशीन ओळखत नाही आणि धान्य अडतं, म्हणून निघण्याआधी हात साबणानं दोनदा धुवा. आधार केंद्रात चुकूनही जाऊ नका. तिथं रांग भरपूर आहे, पण शेवटी ऑपरेटर म्हणतो, "ताई, स्कार्फ काढा, फोटो काढायचाय," आणि मग डोक्यावर कॅरीबॅग असलेला तो फोटो पुढची दहा वर्षं प्रत्येक कागदावर तुमची ओळख पटवत राहतो. बँक सर्वांत सुरक्षित. फक्त 'सर्व्हर डाऊन' अशी पाटी दिसली की घरी परता. वीस मिनिटांच्या मास्कला साडेतीन तास झाले तर केसांचं काही बिघडत नाही, पण मान अवघडते आणि कानामागून ओघळ येतो. एसटीत हा प्रयोग टाळावा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून गाडीत उभं राहायलाही जागा कमी असते, आणि शेजारणीच्या खांद्यावर व्हॅनिलाचा वास सोडणं बरं दिसत नाही.

मिरची कांडायच्या दिवशी मास्क लावू नये. धर्माबादची मिरची घरात आलेली असेल तर त्या आठवड्यातही लावू नये. कारण सांगत नाही. ज्यांनी मिरचीचा हात डोळ्याला लावलाय त्यांना कळेल.

इथं एक गोष्ट विनोद बाजूला ठेवून सांगायला हवी. केस कोरडे असणं वेगळं आणि मूठ-मूठ गळणं वेगळं. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांना काही दिवसांत टक्कल पडलं. सुरुवातीला शाम्पूपासून विहिरीच्या पाण्यापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला. डॉ. हिंमतराव बावस्कर यांना तपासणीत सेलेनियमचं प्रमाण फार वाढलेलं आढळलं आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडं बोट दाखवलं. अशा वेळी मास्क विकत घेणं म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही घालवणं. गळती अचानक आणि खूप असेल तर डॉक्टरकडं जा. लोह, थायरॉईड, बाळंतपणानंतरचे महिने, अशी कारणं बाटलीतून निघत नाहीत.

बाकी सगळ्यांना हे एवढंच: आठवड्यातून एकदा जमलं तर उत्तम, पंधरा दिवसांनी जमलं तरी केस तक्रार करत नाहीत. रात्रीचं तेल चुकवू नका, मोठ्या दातांच्या फणीनं शेंड्याकडून वर विंचरा, आणि मास्कचा डबा उघडल्याची तारीख झाकणावर पेनानं लिहून ठेवा. पुष्कळ डब्यांच्या मागं उघड्या झाकणाचं चित्र असतं आणि त्यात १२ हा आकडा. उघडल्यापासून बारा महिने चालेल, असा त्याचा अर्थ. तेवढ्या काळात बिलोलीत वीस मिनिटं कधीतरी सापडतीलच.