कर्णधार मिसळ, उपकर्णधार सोलकढी

नाहूरला फास्ट गाडी थांबत नाही. स्टेशन झालं तेच मुळी उशिरा. त्याआधी आम्ही भांडुपला तरी उतरायचो नाहीतर मुलुंडला, आणि कुणी पत्ता विचारला तर समोरच्याची ऐपत बघून यातलं एक नाव सांगायचो. बिल्डरांच्या जाहिरातीत आम्ही अजूनही मुलुंडलाच राहतो. स्लो गाडीचा फायदा एवढाच, की सीएसएमटीपासून घरापर्यंत माणसाला विचार करायला भरपूर वेळ मिळतो. हा वेळ गेली काही वर्षं अख्ख्या डब्याने एकाच चिंतेत घालवला: आज उपकर्णधार कोणाला करायचं?

फोनवरचं फँटसी क्रिकेट: अकरा खेळाडू, शंभर क्रेडिट. कर्णधाराला दुप्पट गुण, उपकर्णधाराला दीडपट. एकोणपन्नास रुपये भरायचे आणि कोटीची वाट बघायची. विक्रोळीला टॉस व्हायचा, कांजूरला डबाभर अंगठे चालू व्हायचे, भांडुपला टीम पक्की. नाहूरच्या जिन्यावर पोचेपर्यंत कर्णधार त्रिफळाचीत होऊन परत. एरवी दारात उभं राहू नका म्हटलं की अंगावर येणारी माणसं त्या क्षणी इतकी नम्र व्हायची की काय सांगावं.

मग २०२५चा ऑगस्ट उजाडला. २० तारखेला लोकसभा, २१ला राज्यसभा, २२ला राष्ट्रपतींची सही, आणि पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद. आमच्या सोसायटीत टाकीच्या झाकणाचा ठराव याहून जास्त वेळ घेतो. दोनच वर्षांपूर्वी, ऑक्टोबर २०२३पासून, याच खेळात भरलेल्या पैशांवर सरकारने २८ टक्के जीएसटी लावला होता. म्हणजे आधी आपला वाटा बांधून घेतला आणि मग लक्षात आलं की हे व्यसन आहे. या खेळातल्या ज्या ड्रीम११चं नाव भारतीय संघाच्या छातीवर होतं, तेही उतरलं. सप्टेंबरातला आशिया चषक आपण कोऱ्या छातीने खेळलो आणि जिंकलो. करंडक हातात आला नाही, तो वेगळा विषय. मग छातीवर अपोलो टायर आले. टायरच हवे होते, तर नाहूर व्हिलेज रोडवर सिएटचा कारखाना आहे, रोहित शर्माच्या बॅटवर त्यांचंच नाव असतं. बोर्डाने आम्हाला कळवलं असतं तर संध्याकाळी चालत जाऊन विचारून आलो असतो.

या सगळ्या उद्योगाचं मूळ मात्र हॉटेलात आहे. डॅनियल ओक्रेंट नावाचा अमेरिकन संपादक. १९७९च्या नोव्हेंबरात विमानात बसल्या बसल्या त्याला सुचलं की बेसबॉलचे खरे खेळाडू आपण खोट्या लिलावात विकत घ्यावेत, आणि खऱ्या सामन्यांत ते जे दिवे लावतील त्यावर आपली हारजीत ठरवावी. आधी त्याने हे टेक्ससमधल्या ऑस्टिनला, बार्बेक्यूच्या हॉटेलात मित्रांच्या गळी उतरवायचा प्रयत्न केला. समोर बार्बेक्यू असताना दुसरं काय गळ्याखाली उतरणार! मग न्यूयॉर्कला 'ला रोटिसरी फ्रान्सेज' या हॉटेलात जेवताना दुसऱ्या टोळक्यापुढे मांडलं आणि ते फशी पडलं. १९८०च्या मोसमात खेळ सुरू झाला. प्रत्येकाला २६० डॉलर आणि त्यात २३ गडी. लीगला नाव पडलं हॉटेलचं: रोटिसरी लीग. जिंकणाऱ्याच्या डोक्यावर 'यू-हू' नावाचं बाटलीतलं चॉकलेटी पेय ओतायचं, हा त्यांचा राज्याभिषेक. ओक्रेंट स्वतः कधीच जिंकला नाही. हॉटेलही पुढे बंद पडलं. खेळ मात्र कोट्यवधींचा झाला, आणि ज्यांच्या टेबलावर तो जन्मला त्यांना कुणी साधी टीपही पाठवली असेल असं वाटत नाही.

बेसबॉलचा मोसम सहा महिन्यांचा, एकेका संघाचे १६२ सामने. एप्रिलमध्ये चढ्या भावाने घेतलेला गडी जूनमध्ये ढेपाळला तरी त्याच्यासोबत दिवस काढावे लागतात. अगदीच नकोसा झाला तर टेबलापलीकडच्या कुणाशी तरी घासाघीस करून तो गळ्यात मारावा लागतो. आपल्याकडे हर्ष जैन आणि भवित शेठ यांनी २००८ साली मुंबईत ड्रीम११ काढलं तेव्हा तेही पूर्ण मोसमाचंच होतं. चाललं नाही. मग एकेका मॅचची टीम निघाली आणि धो धो चाललं. रोज नवी टीम आणि रोज नवी निष्ठा, त्यामुळे महाराष्ट्रातल्या राजकारणाला सरावलेल्या माणसाला ते शिकवावंच लागलं नाही. टेबल गेलं, टोळकं गेलं, अंगठा तेवढा उरला.

जेवणाचंही नेमकं हेच झालंय. रात्री आठला टीम लावावी तशी ऑर्डर लावतात. रेटिंग ४.२, साठ टक्के सूट, पण एकशेवीस रुपयांपर्यंतच. आमच्या विंगमधला एक जण इडली घाटकोपरहून मागवतो. चार स्टेशनं! खाली, गेटसमोरच्या हॉटेलात, अण्णांनी इडलीचं भांडं उघडलं की वाफ याच्या बाल्कनीत येते. पण अण्णांना फोनवर तारे नाहीत. आणि एकदा सांबार पातळ निघालं की यांनी हॉटेल बदललं. अहो, सांबारालाही फॉर्म असतो. मे महिन्यात अण्णांचा मुख्य आचारी गावाला जातो. मागे उरतो त्याचा पुतण्या, जो डोशात बरा आहे पण सांबारात गूळ टाकताना त्याचा हात सैल सुटतो. नेमके तेव्हा आयपीएलचे प्लेऑफ चालू असतात, त्यामुळे सांबार आणि मुंबई इंडियन्स यांची काळजी आम्ही एकाच टेबलावर करतो. पहिल्या पावसाला आचारी परत येतो. पुढचे दोन-तीन आठवडे जे सांबार मिळतं, ते मे महिन्यात पळून गेलेल्यांना कधीच कळणार नाही.

तर कायदा झाल्यावर आम्ही मोसमाची लीग अण्णांच्या हॉटेलात सुरू केली. पैसे अजिबात नाहीत. लिलाव तोंडी, शेवटचा नंबर आला त्याने समारोपाचं जेवण द्यायचं. लिलाव पुकारायला शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. आयपीएलच्या लिलावात मल्लिका सागर हातोडी आपटतात, बाई चमचा स्टीलच्या जगवर आपटतात. बोली लावताना मध्येच कुणी बोललं तर त्याला उभं करतात. पाचवीत बाकावर माझ्या शेजारी बसणारा आज कंपनीत उपाध्यक्ष आहे. तो उभा राहिला, आणि बाईंनी बस म्हणेपर्यंत उभाच होता.

पण या लिलावात एक गंमत कळली. १२० कोटींची खोटी थैली घेऊन बसलेला माणूस ऋषभ पंतवर पंचवीस कोटी डोळे मिटून लावतो, आणि वेटर वही काढून उभा राहिला की पाच माणसांत सूप वन बाय टू घ्यायचं की टू बाय थ्री, यावर वीस मिनिटं घालवतो. खऱ्या लिलावातही काय वेगळं झालं होतं? नोव्हेंबर २०२४ला जेद्दाहमध्ये पंतला लखनौने २७ कोटींना घेतलं. त्या मोसमात त्याने २६९ धावा केल्या, म्हणजे धावेमागे सुमारे दहा लाख. त्यातल्या ११८ शेवटच्या सामन्यात, सगळं संपल्यावर. आमच्या अण्णांनी बिल झाल्यावर डोसा आणून ठेवला असता तर आम्ही काय काय बोललो असतो! शेजारच्या टेबलावर बायकांची भिशी असते. त्या येतात, चिठ्ठी काढतात, दोन मिनिटांत ऑर्डर देतात, खाऊन जातात. त्यांचं आमच्याकडे बघणं पाहण्यासारखं असतं.

मग यंदा ठरलं, आधी पदार्थांचाच लिलाव करू. अकरा पदार्थांचा संघ. हद्द घाटकोपर ते ठाणे, मध्य रेल्वेचीच. परदेशी जास्तीत जास्त चार. मोसमभर आपापल्या संघालाच जागायचं, दर शनिवारी एक पदार्थ सगळ्यांनी मिळून चाखायचा आणि बाईंनी गुण द्यायचे.

पहिलाच वाद मांचुरियनवर. तो परदेशी धरायचा का? एकाने ठासून सांगितलं, चीनमध्ये त्याला कुणी ओळखत नाही. चिकन मांचुरियनचं श्रेय जातं नेल्सन वाँग यांना, साल १९७५ आणि जागा कुठली, तर चर्चगेटचं क्रिकेट क्लब ऑफ इंडिया. ब्रेबॉर्नवर जन्मलेला पदार्थ परदेशी कसा? मुंबईकडून रणजीला पात्र! बाईंनी चमचा आपटून त्याला स्थानिक ठरवलं. हाका नूडल्स मात्र परदेशीच राहिल्या, आणि त्यांना घेणारा त्या दिवसापासून जरा तोऱ्यातच वावरतो.

ठाण्याच्या मामलेदार मिसळीवर बोली भडकणार हे उघड होतं. नाहूरहून दोन स्टेशनं, वर ती किती तिखट हवी ते आधीच सांगायचं. म्हणजे गोलंदाज कुठल्या टोकाने आणायचा ते आपल्या हातात. दादरच्या 'आस्वाद'ची मिसळ २०१५ साली लंडनच्या कुठल्याशा स्पर्धेत जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली होती, ती घेऊ, असा एकाने प्रस्ताव मांडला. दादर हद्दीबाहेर, म्हणून फेटाळला. शिवाय लंडनला गाजलेले आपले बरेच खेळाडू इथे येऊन पाटा खेळपट्टीवर झोपतात. मामलेदार निम्मी थैली रिकामी करून गेली. घेणाऱ्याने तिलाच कर्णधार केलं. दुप्पट गुण, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुप्पट परिणाम.

वडापाव सगळ्यांनाच हवा होता, पण कुठला? दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी १९६६ साली गाडी लावली तेव्हापासून धरला तर तो साठीला आला. रोहितच्या एका भक्ताने भावनेच्या भरात चढी बोली लावली आणि मग आठवलं की वडापाव कोपऱ्यावर फुकटात, म्हणजे जवळजवळ फुकटातच मिळतो. हुशार निघाला तो ज्याने ठाण्याच्या गजाननचा वडापाव शेवटच्या फेरीत स्वस्तात उचलला. तिथली पिवळी बेसनाची चटणी ही खरी इम्पॅक्ट प्लेअर. वडा बाद झाला तरी ती एकटी सामना काढते. घाटकोपरच्या वल्लभबाग लेनमधले चीजने फुटणारे डोसे एका कॉलेजातल्या पोराने घेतले. स्ट्राइक रेट प्रचंड, सरासरी विचारू नये. दोन घासांनंतर धावा थांबतात.

भांडुपच्या मालवणी खानावळीच्या पानावर मात्र माणसं अंकगणित शिकली. सुरमई घ्यायची, पण ती महिन्यातल्या किती सामन्यांना उपलब्ध? भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं. सोमवार गेले, गुरुवार गेले, संकष्टी गेली, एकाच्या घरचा मंगळवारही गेला. वर १ जूनपासून मासेमारी बंद, म्हणजे फायनलनंतर ती निवृत्तच. एवढं सगळं मांडून झाल्यावर भाव कोसळला. सोलकढी मात्र बारमाही, तिन्ही फॉरमॅटची, वार बघत नाही. त्या खानावळीत ती वाटीत मागितली तरी स्टीलच्या पेल्यात येते, वर कोथिंबीर आणि तळाशी ठेचलेल्या मिरचीचा एक तुकडा दबा धरून बसलेला. शेवटचा घोट घेणाऱ्याची विकेट ठरलेली. ती उपकर्णधार म्हणून गेली.

सर्वांत मोठी चलाखी आमच्या गुजराती शेजाऱ्याची. सगळे मासळीवर भांडत असताना त्याने मूळ किमतीत जैन पावभाजी घेतली. आम्ही हसलो. बटाट्याऐवजी कच्चं केळं, कांदा-लसूण नाही, कोण गुण देणार? पण लीगमध्ये गुण देणाऱ्या बाई एकादशीला, संकष्टीला आणि चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत, हे लिलावाआधी त्याने एकट्यानेच शोधून काढलं होतं. त्याचा हिऱ्याचा धंदा उगाच चालत नाही.

शेवटच्या शनिवारी गुणतक्ता लागला तेव्हा तळाला आमचे वकीलसाहेब. सुरमई, हाका नूडल्स आणि भावनिक वडापाव, तिन्ही त्यांच्याकडे. यांनीच पहिल्या दिवशी उभं राहून आम्हाला निर्धास्त केलं होतं: २०२५चा कायदा ऑनलाइन खेळांचा, आपण तर हॉटेलात बसतो. जुगारबंदीचा १८८७चा मुंबई कायदा आहे, पण निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो लागू नाही. आणि हा कौशल्याचाच खेळ आहे, यात नशिबाचा काडीचाही संबंध नाही, हे त्यांनी तासभर सिद्ध केलं होतं. बाईंनी त्यांना त्यांचा युक्तिवाद शब्दशः आठवून दिला. सगळ्यांनी एकमताने मान्य केलं की हा कौशल्याचाच खेळ आहे. अण्णांनी बडीशेपेच्या वाटीखाली ठेवलेलं बिल त्यांच्यापुढे सरकवलं. वकीलसाहेबांनी चष्मा लावला, बिल दोन्ही बाजूंनी वाचलं, आणि पुढची तारीख मागितली.