अण्णांचा चोरखिसा

रोमच्या तेर्मिनी स्थानकावरून 64 नंबरची बस सुटते. ती व्हॅटिकनच्या जवळ नेऊन सोडते, आणि वाटेत कित्येकांची पाकिटं त्यांच्या आधीच उतरतात, अशी तिची ख्याती. ही माहिती आमच्या साडूंनी, म्हणजे अण्णांनी, पुण्यातच काढून ठेवली होती. अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. पैशाच्या बाबतीत त्यांचा देवावरही भरवसा नाही. त्यांनी बायकोकडून, म्हणजे ताईंकडून, बनियनला आतून मांजरपाटाचा चोरखिसा शिवून घेतला होता. त्याला दोन बटणं, वर सेफ्टी पिन. आत क्रेडिट कार्ड.

बसमध्ये कोणी बोटही लावलं नाही. अण्णा दोन्ही हातांनी छाती घट्ट धरून उभे होते, ते बघून एका इटालियन आजीबाईंनी घाबऱ्याघुबऱ्या उठून त्यांना जागा दिली.

पंचाईत व्हायची ती पैसे देताना. 30 जून 2022 पासून इटलीत कार्ड नाकारणाऱ्या दुकानदाराला दंड होऊ लागला. त्यामुळे उभ्याउभ्या प्यायच्या घोटभर कॉफीलाही मशीन पुढे येतं. मग अण्णा भिंतीकडे तोंड करणार, शर्टाची बटणं काढणार, आत हात घालून पिन शोधणार. मागे रांग. पिआत्सा नवोनातल्या हॉटेलात जेवण झाल्यावर त्यांनी हा विधी सुरू केला, तेव्हा वेटरने आधी नजर वळवली आणि मग मॅनेजरला बोलावलं.

कार्ड नजरेआड होऊ द्यायचं नाही, हा अण्णांचा दुसरा नियम. तो मात्र सोळा आणे खरा. मशीन टेबलावर आलं. पडद्यावर एकीकडे 84 युरो, दुसरीकडे तेवढ्याचे रुपये. अण्णांचा ऊर भरून आला. "बघा, रोममध्ये रुपयाला मान आलाय!" म्हणत त्यांनी बोट पुढे केलं. आमच्या हिने त्यांचं मनगट धरलं.

"अण्णा, युरो दाबा."

"अगं, आपलं चलन सोडून?"

"रुपयाचा भाव ते मशीनवालेच ठरवतात. त्यांचं कमिशन त्यातच घातलेलं असतं. युरो दाबलेत तर व्हिसा-मास्टरकार्डचा भाव लागतो, तो बाजाराच्या बराच जवळ असतो. त्यावर आपली बँक तिचा मार्कअप घेते, बहुतेक कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के. आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी."

"म्हणजे दोन्हीकडे कापणारच की!"

"हो, पण एकजण ओळखीचा आहे. रुपये दाबलेत आणि आपल्या बँकेनेही त्यावर वेगळा आकार लावला, की दोघंही कापतात."

ओळखीच्याने कापलेलं अण्णांना पटलं. त्यांनी युरो दाबलं. मला विचाराल तर बसमधला पाकीटमार निदान दुसरीकडे बघत हात घालतो. हा मशीनवाला तुमच्या डोळ्यात बघून, हसून, पावती हातात देतो. कार्डावर एटीएममधून रोकड काढली, तर त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं. पण हे अण्णांना शिकवावं लागलं नाही. उभी हयात त्यांनी ते दुसऱ्यांना लावलेलं होतं.

खरा गोंधळ रात्री झाला. पुण्याचं सिम चालूच ठेवलं होतं, त्यामुळे बँकेचा मेसेज आला: 200 युरो. अण्णा ताडकन उठले. मुक्कामाच्या हॉटेलने आल्या आल्या कार्ड घेऊन अनामत म्हणून ती रक्कम अडकवून ठेवली होती, पण मेसेज उशिरा पोचला आणि अण्णांना त्यात चोर दिसला. त्यांनी बँकेचा 1800चा टोल फ्री नंबर फिरवला. तो परदेशातून लागेना. परदेशातून लावायचा, +91 वाला नंबर कार्डाच्या पाठीवर होता. कार्ड चोरखिशात होतं. चोरखिसा बनियनला होता, आणि ते बनियन ताईंनी धुऊन न्हाणीघरात पिळून वाळत घातलं होतं. अण्णा थांबायला तयार नव्हते. "रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक आहे! तिसऱ्याच कोणी लबाडी केली आणि आपण तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर आपल्यावर काही येत नाही!" असं गरजत त्यांनी मोबाइलवरच्या ॲपमधून कार्ड कायमचं बंद करून टाकलं.

सकाळी रिसेप्शनवरच्या मुलीने शांतपणे समजावलं की पैसे कापलेलेच नाहीत, निघताना मोकळे होतील. पण नवीन कार्ड पुण्याच्या पत्त्यावर येणार होतं.

तेव्हा ताईंनी पर्समधून दुसरं कार्ड काढलं. वेगळ्या बँकेचं, अण्णांच्या कार्डापासून लांब ठेवलेलं. 2020 पासून नवी कार्डं परदेशातल्या व्यवहारांसाठी बंदच मिळतात, ती आपण चालू करावी लागतात. ताईंनी ते निघण्याआधी केलं होतं आणि रोजच्या खर्चाची मर्यादाही घालून ठेवली होती. तिथून पुढे आइस्क्रीमसाठीसुद्धा अण्णांना तोंडी अर्ज करावा लागे.

फ्लॉरेन्सला सान लोरेन्झोच्या बाजारात अण्णांना एक कातडी जाकीट भलतंच आवडलं. अंगात घालून त्यांनी आरशासमोर दोन फेऱ्या मारल्या.

"मर्यादेच्या बाहेर जातंय," ताई मोबाइल बघत म्हणाल्या.

"मग वाढव की! तुझ्याच तर हातात आहे."

"वाढवते की," ताईंनी मोबाइल पर्समध्ये टाकला, "पुण्याला गेल्यावर."