उमेदवारांस विभाग दाखविण्याची रीत

पीएच.डी.च्या मुलाखतींना आलेल्या मुलांना विभाग फिरवून दाखवायचे काम यंदा सलग पाचव्या वर्षी माझ्याकडे आले. पुढच्या वर्षी तू इथे नसशील, असे सर मला गेल्या वर्षीही म्हणाले होते. तेव्हा मागून येणाऱ्यांसाठी ही रीत लिहून ठेवतो.

माहितीपत्रकाच्या फोटोत इस्त्रीचा एप्रन, हातात पिपेट आणि समोर निळे द्रव हवेच. आमच्या कामात निळे काही निघत नाही, म्हणून पाण्यात शाईचे दोन थेंब टाकावेत. उणे ऐंशीचा फ्रीझर फोटोत येऊ देऊ नये. त्याचे दार चिकटपट्टीवर आहे.

‘आमची लॅब म्हणजे एक कुटुंब’ हे वाक्य सरांनीच म्हणायचे असते. ते खोटे नाही. एकत्र कुटुंबच ते. धाकट्याने ऑटोक्लेव्ह लावायचा, थोरल्याने बोलणी खायची, आणि रसायने संपली की सगळ्यांनी मिळून सरांच्या केबिनबाहेर घुटमळायचे.

फेलोशिपचा आकडा ठणठणीत आवाजात सांगावा: जेआरएफला ३७,०००, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडे वेगळे. तारीख सांगू नये. माझे एकदा पाच महिन्यांचे पैसे एकदम आले. तोवर मेसवाल्या काकांच्या वहीत माझ्या नावाचे स्वतंत्र पान झाले होते.

‘किती वर्षे लागतात?’ यूजीसीच्या २०२२च्या नियमांत किमान तीन, कमाल सहा, आणि पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन. उमेदवाराला ‘तीन’ ऐकू जाईल असे बोलावे.

सरांविषयी फार बोलू नये. रात्री दीडला ‘काय झालं त्या ब्लॉटचं?’ असा मेल येतो, हे तर मुळीच नको. पण विसर्जनाच्या रात्री तो फ्रीझर बंद पडला, तेव्हा हाच माणूस भर पावसात, स्कूटरवर थर्माकोलचे खोके बांधून आला. आधी माझे नमुने हलवले, मग स्वतःचे. हे माहितीपत्रकात कुठे घालायचे, मला अजून सुचलेले नाही.

आता जरा उमेदवारांशी. सर जेवायला गेले की कॅन्टीनला या. गेल्या पाच जणांचे सबमिशन किती वर्षांत झाले, ते विचारा. मध्येच सोडून गेलेल्यांचे नंबर मागा. द्यायला कुणी कां-कूं करू लागले, तर चहा संपवा आणि दुसरी लॅब बघा. आमच्याकडचे दोघे सोडून गेले. दोघांचेही नंबर माझ्याकडे आहेत.