ऑफर संपतेय, तारा जुळवा

ऑनलाइन गिटार शिकायला कुठलं संकेतस्थळ घ्यावं, असं हल्ली ज्याला त्याला विचारायचं असतं. यात निवडण्यासारखं काय आहे? सगळीकडे तोच कोरीव दाढीचा तरुण, मागे तीच कुंडी, आणि जी, सी, डी, ई मायनर या त्याच चार कॉर्ड. फरक असतो तो घड्याळात. एकाचं लाल, दुसऱ्याचं केशरी, तिसऱ्याचं थरथरणारं.

‘सवलत संपायला 14:59.’ फ्लॅट बघायला गेलात तर बिल्डरसुद्धा चहा पाजून ‘घरी विचारून सांगा’ म्हणतो. इथे वर्षभराची वर्गणी पंधरा मिनिटांत ठरवायची. मी काहीही न करता घड्याळ शून्यावर जाऊ दिलं. कुंडी पडली नाही, दाढी विस्कटली नाही. ‘खास तुमच्यासाठी मुदतवाढ’ असं म्हणत घड्याळ पुन्हा 14:59 वर येऊन बसलं.

आता गंमत ऐका. नवशिक्याला आधी लय लागते, हे कुठलाही गिटारवाला सांगेल. जीवरून सीवर जाताना बोटं उशिरा पोचतात आणि गाणं तिथेच लंगडतं. त्यासाठी मेट्रोनोम हवा. तो तिन्ही ठिकाणी आहे, पण त्यावर कुलपाचं चित्र : ‘प्रीमियम घ्या’. म्हणजे शिकणाऱ्याला हवं ते घड्याळ कुलपात आणि कोणीही न मागितलेलं घड्याळ फुकट, पानाच्या डोक्यावर. मग म्हटलं, हेच वापरू. सेकंदाला एक ठोका म्हणजे मिनिटाला 60, नवशिक्याला याहून बरी लय कुठली? पंधरा मिनिटांत 900 ठोके, चाराच्या हिशेबाने 225 बार. दोन बार जी, दोन बार सी, की सवलत आठ सेकंदांनी... नव्हे, सोळा सेकंदांनी कमी. (गणितही सुधारतं.) शेवटच्या मिनिटाला आकडे मोठे होऊन धडधडू लागतात, तो क्रेसेंडो समजावा. घरातून ‘अहो, पानं घेतलीत’ अशी हाक आली की ‘सवलत संपली की येतोच’ असं सांगावं. शून्य झालं की पान रिफ्रेश, की दुसरा धडा. थरथरणारं घड्याळ टाळा, डोळे दुखतात. केशरी मधूनच एखादा सेकंद गिळतं. लाल मात्र तालाला पक्कं. तेव्हा माझं मत विचाराल तर लाल घ्या, म्हणजे घेऊ नका, नुसतं उघडून ठेवा.

पण पुतण्याने ते घेतलं. ‘काका, चाळीसच सेकंद राहिले होते!’ पोरगं इंजिनिअर आहे हो, संगणकावरच पोट भरतं त्याचं.

त्या घड्याळाला एवढी घाई कशाची, ते त्याची गिटार माझ्याकडे आल्यावर कळलं. एफ कॉर्डची. पहिल्या पानावर तिचं नावही कोणी काढत नाही. पहिल्या फ्रेटवर तर्जनी आडवी टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या, उरलेल्या तीन बोटांनी पुढचं बघायचं, आणि इतकं करून आवाज येतो तो ‘थड’. मनगट दुखतं, बोटाच्या पेरावर तारांचे वळ उठतात, आणि पडद्यावरची दाढी हसत ‘आता तुम्ही करून बघा’ म्हणते. अंगठा मानेमागे कुठे सरकलाय हे तिला दिसत नाही. गल्लीतल्या क्लासच्या सरांनी एव्हाना हातावर चापट मारली असती. बऱ्याच गिटारी इथेच कपाटावर जातात. तोवर पैसे गेलेले असतात, आणि सवलत तेवढी वार्षिक वर्गणीवरच असते. महिन्याच्या वर्गणीवर एक रुपया सोडा की! नाही सोडणार. महिन्याने माणूस एफपाशी पोचलेला असतो. ही शिकवणी नव्हे, माणूस थकायच्या आत त्याचा खिसा गाठायची शर्यत आहे.

या असल्या घाईचं नाव आता नियमांतही आलंय. केंद्र सरकारच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या नियमावलीत 13 ‘डार्क पॅटर्न’ (म्हणजे ग्राहकाला ऑनलाइन गंडवायच्या क्लृप्त्या) नोंदले आहेत, आणि यादीत पहिला क्रमांक खोट्या घाईचा. बाकीच्यांपैकी एक-दोन बघायचे असतील तर वर्गणी रद्द करायला बसा. पुतण्याची करायला मी बसलो. घेताना एक टिचकी, सोडताना आधी पासवर्ड, मग ओटीपी, मग दाढीचा उदास फोटो आणि खाली भलंमोठं हिरवं बटण : ‘मी माझं स्वप्न सोडणार नाही’. त्याच्याखाली, पांढऱ्यावर राखाडी अक्षरांत : ‘मला संगीतात रस नाही’. रस आहे रे बाबा! म्हणूनच तुम्ही नकोय! पण असं म्हणायला बटण नाही, म्हणून दात-ओठ खात राखाडीवर टिचकी मारली. मग कारणांची यादी आली. वेळ मिळत नाही, महाग वाटतं, गिटार विकली, इतर. मी ‘इतर’ निवडलं आणि चौकटीत एवढंच लिहिलं : एफ.