दारावरच्या दोन पाट्या: एका क्लासच्या संचालकांना खुले पत्र

संचालक सर,

तुमच्या क्लासच्या दारावर दोन पाट्या आहेत. पहिली: ‘डाऊट फक्त मॉड्यूलमधलेच विचारावेत.’ दुसरी: ‘मुला-मुलींनी आवारात बोलत थांबू नये. आढळल्यास पालकांना कळवण्यात येईल.’ त्या वाचून पालकांना हायसं वाटतं आणि फीचा पहिला हप्ता ते तिथल्या तिथे भरून टाकतात. मला मात्र त्या पाट्यांचा राग येतो. तो चारचौघांत सांगावा म्हणून हे पत्र. मी अकोल्यातल्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवते. तुमची मुलं माझ्याही हजेरीपटावर आहेत. फक्त हजेरीपटावर.

प्रॅक्टिकलची परीक्षा जवळ आली की ती जर्नलवर सही घ्यायला येतात. यंदा त्यांतला एक मुलगा सही झाल्यावरही हलेना. रफ वहीच्या मागच्या पानांवर त्याने प्रश्न लिहून ठेवले होते. पहिलाच होता पंख्याचा. खोलीवरचा पंखा बटण दाबलं की नुसता घुमत राहतो, काठीने पात्याला ढकललं की चालू होतो, असं का? हा प्रश्न त्याने आधी तुमच्या वर्गात विचारला होता. ‘सीईटीला येतो का?’ एवढं उत्तर मिळालं आणि सगळा वर्ग हसला.

सर, त्या हसण्याची फी तुम्ही घेता. तो मुलगा नुसता प्रश्न विचारून थांबला नव्हता. त्याने पातं उलट्या दिशेने ढकलून पाहिलं होतं. पंखा उलटा फिरला आणि वारा छताकडे गेला, हे त्याने वहीत टिपून ठेवलं होतं. पाहणं, शंका घेणं, करून बघणं, लिहून ठेवणं: शास्त्रज्ञाकडून याहून वेगळी काय अपेक्षा असते? ते सगळं एक सतरा वर्षांचा मुलगा भाड्याच्या खोलीत, उकाड्यात, हातात काठी घेऊन करत होता. आणि तुम्ही त्याला वर्गात हास्यास्पद ठरवलंत.

उत्तर मी इथे लिहिते, कारण तुमच्या वर्गात हसलेल्या मुलांनाही ते मिळायला हवं. घरात येणारी वीज सहसा सिंगल फेजची असते. तिच्यावर चालणाऱ्या एका गुंडाळीचं चुंबकीय क्षेत्र गोल फिरत नाही, एकाच रेषेत कमी-जास्त होत राहतं. अशा क्षेत्राचा हिशेब मांडला तर ती दोन सारख्या ताकदीची, उलट दिशांनी फिरणारी क्षेत्रं निघतात. थांबलेल्या पात्यांना दोन्ही सारखंच ओढतात, म्हणून मोटर घुमते पण हलत नाही. पंख्यात दुसरी गुंडाळी असते आणि तिच्याबरोबर अडीच मायक्रोफॅरडच्या आसपासचा एक कपॅसिटर. तो दुसऱ्या गुंडाळीतला प्रवाह थोडा पुढे सरकवतो आणि त्यामुळे क्षेत्राला फिरण्याची दिशा मिळते. कपॅसिटर गेला की दिशा गेली. मग काठीने ज्या बाजूला ढकलाल, त्या बाजूच्या क्षेत्राची ओढ जास्त होते आणि पंखा तिकडे फिरतो. एसी करंटचा अख्खा धडा त्या पंख्याला लटकलेला आहे. तोच धडा तुमच्या मॉड्यूलमध्ये सूत्रांच्या यादीसकट छापलेला आहे, फक्त त्यात पंखा नाही.

दुसरा प्रश्न माठाचा होता. त्याची मावशी रत्नागिरीला असते. तिच्याकडचं माठातलं पाणी अकोल्याइतकं गार का होत नाही? पाणी माठाच्या अंगातून झिरपतं, वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाणी उडून जायला साधारण 2400 ज्यूल लागतात. तेवढी उष्णता आतल्या पाण्यातून गेली, तर पन्नासहून जास्त ग्रॅम पाणी दहा अंशांनी उतरतं. आपल्याकडची मे महिन्यातली हवा कोरडी असते, ती ही वाफ उचलते. कोकणातली हवा आधीच भरलेली. म्हणून आपल्याकडे वाळ्याचा कूलर चालतो आणि तिकडे नुसती ओल होते. हे समजलेल्या मुलाला सुप्त उष्णता पाठ करावी लागत नाही.

तुमची अडचण मला कळते. सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. तेवढ्यात ‘का’ विचारायला सवड नाही, वेग हवाच. तुम्ही तो शिकवता आणि चांगला शिकवता, हे मी मान्य करते. पण 54 सेकंदांचा नियम परीक्षेच्या खोलीपुरता आहे. तुम्ही तो मुलांच्या दोन वर्षांना लावलात. सकाळी सहाला बॅच, रात्री नऊला डीपीपी म्हणजे रोजचे सराव-प्रश्न, शनिवारी टेस्ट. खोलीवर परतलेल्या मुलाला पंख्याकडे बघायलाही वेळ उरू नये, असंच ते वेळापत्रक आहे.

अकरावी-बारावीची मुलं कॉलेजात नावापुरती आणि दिवसभर क्लासात, हा ‘इंटिग्रेटेड’ प्रकार थांबावा म्हणून राज्य सरकारने 2018 मध्ये विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. कोचिंगने दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवू नये, शाळा-कॉलेजच्या वेळेत वर्ग घेऊ नयेत, आठवड्याची सुट्टी द्यावी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट ठेवू नये, असं केंद्र सरकारच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्या तुम्ही वाचल्या नसतील असं मी समजत नाही. दरम्यान बोर्डाच्या 100 पैकी 30 गुणांचं फिजिक्सचं प्रॅक्टिकल माझ्या प्रयोगशाळेत धूळ खातं आहे. मल्टिमीटरची लाल तार कुठे लावायची हे माहीत नसलेली मुलं 98 पर्सेंटाइल घेऊन इंजिनिअरिंगला जातात. त्यांचे फोटो तुमच्या फ्लेक्सवर असतात. बाकीच्या शेकडो मुलांचे फोटो कुठेच नसतात, पण फी त्यांनीही तेवढीच भरलेली असते.

त्याच वहीत आणखी एक प्रश्न होता: इंजिनिअर दिवसभर करतो काय? तुमच्या समुपदेशकाने त्याला गेल्या वर्षीच्या कॅप राउंडच्या कटऑफची झेरॉक्स दिली. पर्सेंटाइल एवढा आला तर कॉम्प्युटर, त्याखाली ईएनटीसी, त्याखाली मेकॅनिकल, त्याखाली सिव्हिल. चार वर्षं काय शिकायचं आणि पुढे चाळीस वर्षं काय करायचं, हे अशा उतरंडीवरून ठरतं.

तो मूर्तिजापूरहून रेल्वेने ये-जा करायचा तेव्हा त्याला एक गोष्ट दिसली होती. रुळांवरची विजेची तार अगदी सरळ नसते, एका खांबाशी थोडी डावीकडे, पुढच्या खांबाशी थोडी उजवीकडे अशी नेलेली असते. मी त्याला म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या तारेत आहे. इंजिनावरच्या पँटोग्राफला जी कार्बनची पट्टी असते, ती तारेला घासत जाते. तार सरळ असती तर पट्टी एकाच जागी झिजून तिला खाच पडली असती. म्हणून तार मुद्दाम डावी-उजवी नेतात, म्हणजे पट्टी सगळीकडून सारखी झिजते. हे कुणीतरी बसून ठरवलं, कागदावर काढलं, खांबांची जागा आखली. इंजिनिअर दिवसभर हे करतो. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मॅडम, मग मला इलेक्ट्रिकल घ्यायचंय.’ दोन वर्षं तो तुमच्याकडे होता, सर. एवढं बोलायला तुमच्यातल्या कुणालाच पाच मिनिटं मिळाली नाहीत?

आता दुसऱ्या पाटीविषयी.

वहीच्या शेवटच्या पानावरचे प्रश्न त्याने मला दाखवले नाहीत, वाचून दाखवले, खाली मान घालून. एखादी मुलगी आवडते हे तिला सांगणं म्हणजे तिला त्रास देणं का? ती नको म्हणाली पण बोलणं तोडलं नाही, तर त्याचा अर्थ काय? डेटवर जायचं म्हणजे नेमकं कुठे जायचं आणि कॉफीचे पैसे कुणी द्यायचे? काही दिवसांनी तुमच्याच मुलींच्या बॅचमधली एक विद्यार्थिनी आली. तिचा प्रश्न याच प्रश्नांची दुसरी बाजू होता. मी नाही म्हटलं तर तो जिवाचं काही करून घेईल का, आणि तसं झालं तर दोष माझा का?

ही मुलं पंख्याबद्दल जितकं खरं विचारत होती तितकंच हेही खरं विचारत होती. दिसतं काय, त्याचा अर्थ काय, मी काय केलं तर काय होईल. पंख्याच्या प्रश्नावर तुम्ही हसलात आणि या प्रश्नांवर घरी फोन केलात. त्या विद्यार्थिनीला वर्गमित्राची वही परत देताना जिन्यात पाहिलं म्हणून तिच्या वडिलांना बोलावून घेतलंत. त्यानंतर पंधरा दिवस ती क्लासला आली नाही. शिस्त म्हणून जी गोष्ट तुम्ही पालकांना विकता, तिच्यामुळे एका मुलीचं शिक्षण बंद पडता पडता राहिलं.

मी त्यांना जे सांगितलं ते इथे लिहिते, कारण तुम्हालाही ते सांगता आलं असतं. आवडतं हे सरळ, एकदा, तिला अडचण होणार नाही अशा ठिकाणी सांगणं म्हणजे त्रास देणं नाही. नकार मिळाल्यावर पुन्हा विचारणं, मित्रांना मध्ये घालणं, वाटेत उभं राहणं हा त्रास आहे. ती बोलते याचा अर्थ ती बोलते, इतकाच. पैसे आपापले द्यावेत, म्हणजे कुणावर ओझं राहत नाही. आणि मुलीला सांगितलं की तुझ्या नकाराने कुणी स्वतःचं काही केलं तर तो दोष तुझा नाही, पण अशी धमकी मिळाली तर एकटी राहू नकोस, त्याच दिवशी घरी किंवा मला सांग. हे सांगायला अर्धा तास लागला. मुलांनी ते मन लावून ऐकलं. त्यांच्याशी या विषयावर आजवर कुणी रागावल्याशिवाय बोललंच नव्हतं.

तुम्ही बोलला नाहीत म्हणून ती शिकायची थांबत नाहीत. मग शिकवतात रील्स आणि सिनेमे, जिथे नकार देणाऱ्या मुलीचा पाठलाग करत राहणाऱ्याला नायक म्हणतात. याची किंमत या राज्याने मोजली आहे. 1990 मध्ये उल्हासनगरात दहावीच्या परीक्षा केंद्रात पेपर देणाऱ्या मुलीला एका मुलाने पेटवून दिलं. तीस वर्षांनी, फेब्रुवारी 2020 मध्ये, हिंगणघाटला भर रस्त्यात एका तरुण प्राध्यापिकेच्या बाबतीत तेच घडलं. परीक्षेची तयारी हे तुमचं काम आहे म्हणता ना? मग नकार ऐकून घरी जाण्याची तयारी कुणी करून घ्यायची?

अशा प्रश्नांना मोकळेपणाने उत्तर देण्याची परंपरा महाराष्ट्राला नाही असंही नाही. र. धों. कर्वे विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. 1927 पासून 1953 पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं आणि शरीर, लैंगिकता, स्त्री-पुरुष संबंध यांवरच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. त्या उत्तरांसाठी त्यांच्यावर खटला झाला. 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. खटला हरले, कर्वेंना दंड झाला, अंक निघत राहिला. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या शाळकरी मुलांना म्हणायचे, कार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहून खाली सही करीन. आणि ते खरोखर उत्तरं पाठवायचे. एकाने प्रश्नाला उत्तर दिलं म्हणून दंड भरला, दुसऱ्याने स्वाक्षरीपेक्षा प्रश्नाला मोठं केलं. तुमच्या रिसेप्शनवर नारळीकरांचा फोटो लावलेला मी पाहिला आहे. त्याच्यापासून दहा पावलांवर ‘डाऊट फक्त मॉड्यूलमधलेच’ ही पाटी आहे. दोन्हींपैकी एक ठेवा.

माझं मागणं फार नाही. शनिवारी दुपारी तीन ते पाच आमची प्रयोगशाळा उघडी असते. कपॅसिटर गेलेला एक पंखा मी मुद्दाम टेबलावर उघडून ठेवला आहे. गुंडाळ्या दिसतात, हात लावता येतो. शेवटचा अर्धा तास कुठल्याही प्रश्नासाठी राखलेला असतो, शेवटच्या पानावरच्यासुद्धा. त्याच वेळेला तुमची वीकली टेस्ट असते, म्हणून येऊ इच्छिणारी मुलं येऊ शकत नाहीत. ती टेस्ट सकाळी घ्या. मुलांची आणि मुलींची बॅच एकाच वेळी सोडा आणि जिन्यातल्या शिपायाला कुणाची नावं टिपायला लावू नका. वेळ बदलल्याचं मुलांच्या ग्रुपवर टाकलंत की पुरे, मला वेगळं कळवू नका.

तुमच्या मुलांची,
कॉलेजातली फिजिक्सची मॅडम